मागच्या बाकावरचा माणूस



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचं मोटारीच्या सीटबेल्टशी काय काम? आम्ही आयुष्यभर वर्गात कार्यकारणभाव शिकवला. एखादी गोष्ट घडली तर ती कशामुळे घडली म्हणायचं, आणि त्यातलं कोणतं कारण माणसाच्या हातात होतं, हा तो प्रश्न. रस्त्यावरच्या अपघाताइतकं या प्रश्नाचं रोखठोक उदाहरण दुसरं नाही. आणि हे बोलायला वरळी कोळीवाड्यासारखी जागा नाही. गावाच्या उशाला सागरी सेतू आहे, शेजारून किनारी रस्ता जातो. ज्या गावाची वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरून झाली, ते गाव आज मुंबईतल्या सर्वांत वेगवान रस्त्यांच्या तोंडावर बसलंय.

पण आम्हांला बोलायचंय ते तुमच्या-आमच्या कुटुंबाच्या गाडीबद्दल. मोठ्या गाडीबद्दल. चैत्रात एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जायचं, म्हणजे घरटी एक गाडी ठरते. पूर्वी जीप, मग मारुती व्हॅन, मग सुमो, क्वालिस, टवेरा, बोलेरो, आता एर्टिगा नाहीतर इनोव्हा. आजी पुढे, कारण तिला गाडी लागते. मधल्या रांगेत चौघं, मांडीवर दोन पोरं. आणि अगदी मागे, सामानाच्या शेजारी, उरलेले सगळे. या बसण्याच्या क्रमाकडे नीट बघा. सीटबेल्टचा सगळा इतिहास याच क्रमाने घडलाय. आधी चालक, मग त्याच्या शेजारचा, मग मागचे, आणि सर्वांत शेवटी आडव्या बाकावरचे. सगळा इतिहास चाळल्यावर आमच्या हाती एकच गोष्ट लागते. कोणाला 'प्रवासी' म्हणून मोजायचं, हे ठरवत ठरवत हा पट्टा मागे सरकत गेला, आणि शेवटच्या बाकापर्यंत तो अजून नीट पोचलेला नाही.

सुरुवात स्वीडनपासून करू. १९५९ साली व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन या अभियंत्याने तीन बिंदूंवर अडकणारा पट्टा तयार केला. बोलिन हे त्याआधी विमानांची वैमानिकाला बाहेर फेकणारी आसनं तयार करत असत. तोवरचा पट्टा नुसता कमरेवरून जायचा. धडक बसली की कंबर जागेवर, आणि वरचं धड कोयत्याच्या पात्यासारखं मिटायचं. पोटातल्या अवयवांना इजा व्हायची. बोलिन यांनी एक पट्टा छातीवरून तिरका नेला, एक ओटीपोटाच्या हाडांवरून नेला, आणि दोन्ही मांडीशेजारी एकाच खटक्यात बसवले. एका हाताने लावता येईल इतकं सोपं. व्होल्वोने हे पेटंट इतरांनाही वापरू दिलं.

शोध लागला म्हणजे प्रश्न सुटला, असं होत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक गाजलं, आणि १९६६ मध्ये तिथे वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. तोपर्यंत अपघात म्हटलं की चालकाची चूक, असा समज होता. गाडीच्या रचनेतही दोष असू शकतो आणि बनवणाऱ्याला त्याचा जाब विचारता येतो, हा विचार इथून कायद्यात आला. पट्टा लावण्याची सक्ती करणारं पहिलं राज्य ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, साल १९७०. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनासाठी सक्ती आली १९८३ मध्ये. मागे बसणाऱ्या प्रौढांसाठी? १९९१ मध्ये. आठ वर्षं गेली पुढच्या आसनावरून मागच्या आसनावर जायला! अंतर किती, तर दोन हात.

मोठ्या कौटुंबिक गाडीचा प्रश्न याहून निराळा. अमेरिकेत १९८४ च्या मॉडेलपासून क्रायस्लर कंपनीची मिनीव्हॅन आली. आई-बाप, तीन-चार पोरं, कुत्रं आणि आठवड्याचा बाजार मावेल अशी. पण कायद्याच्या वर्गवारीत ही गाडी 'कार' नव्हती, हलक्या ट्रकांच्या रांगेत होती. त्यामुळे कारना लागू असलेले काही सुरक्षा नियम तिला कित्येक वर्षं लागूच नव्हते. म्हणजे घरातली सगळ्यांत जास्त लेकरं जिच्यात बसायची, ती गाडी कागदावर मालवाहू! या मिनीव्हॅनच्या मागच्या दाराची कडी धडकेत उघडते आणि पट्टा न बांधलेली माणसं बाहेर फेकली जातात, अशा तक्रारी आल्या. १९९५ मध्ये कंपनीने चाळीस लाखांहून अधिक गाड्यांच्या कड्या बदलून द्यायचं मान्य केलं, पण त्याला 'दोष दुरुस्ती' म्हणायला ती तयार नव्हती. शब्दांचा हा खेळ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्याच वर्षी आणखी एक प्रकरण झालं. टकाटा या जपानी कंपनीने बनवलेले सीटबेल्टचे खटके अमेरिकेत ऐंशी लाखांहून अधिक गाड्यांत बसवलेले होते. खटका सोडायचं लाल बटण प्लास्टिकचं. उन्हाने ते ठिसूळ व्हायचं, तुकडे पडायचे, ते आत अडकायचे, आणि मग खटका धड लागायचा नाही किंवा धड सुटायचा नाही. म्हणजे पट्टा बांधणाऱ्याने आपलं कर्तव्य केलं, आणि वस्तूने दगा दिला. समुद्राकाठच्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको. खाऱ्या हवेत आणि उन्हात दोर, कड्या, खिळे यांचं काय होतं, ते इथलं शेंबडं पोरही सांगेल.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईची ओळख असलेली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली. तिच्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मागच्या बाकावर पट्टा शोधल्याचं तुमच्यापैकी कोणाला आठवतंय? जीपची जुळणीही महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतच सुरू केली. जीपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन आडवी बाकं. मूळ गाडी लष्करी कामाची. चटकन चढायचं, चटकन उतरायचं. हीच बाकं पुढे गावोगावच्या वडापमध्ये आली. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, तीच नंतरची ओम्नी. पुढे बॉनेट नाही, इंजिन आसनाखाली. समोरून धडक बसली की आधी चुरडायला पत्रा उरत नाही, चालकाचे गुडघेच पुढे. ती शाळेची गाडी झाली, रुग्णवाहिका झाली, लग्नाची गाडी झाली, आणि ३५ वर्षांनी, २०१९ मध्ये, नव्या सुरक्षा नियमांत बसेना म्हणून बंद झाली. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. हे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून. एकत्र कुटुंबाला एका छपराखाली दहा जण नेता येऊ लागले. आम्ही या गाड्यांना नावं ठेवत नाही. एसटीच्या रांगेत ताटकळणाऱ्या कुटुंबाला या गाड्यांनी देव दाखवला, माहेर दाखवलं. पण त्या कशा बनल्या आणि कायद्याने त्यांच्याकडे कसं बघितलं, हे विचारायलाच हवं.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या १३८ व्या नियमाचा तिसरा पोटनियम असा, की जिथे पट्टे दिलेले आहेत तिथे चालकाने, पुढच्या आसनावरच्या व्यक्तीने आणि 'समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांवर' बसलेल्यांनी ते लावले पाहिजेत. आम्ही हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा 'समोर तोंड असलेल्या' या तीन शब्दांवर थबकलो. म्हणजे ज्याचं तोंड बाजूला आहे, जो आडव्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलाय, तो या वाक्यात नाहीच. त्याला पट्टा लावायचं बंधन नाही, कारण त्याला बहुधा पट्टा दिलेलाच नाही. कोणी म्हणेल, मग आडव्या बाकालाही पट्टे लावा. ते इतकं सोपं नाही. पट्टा पुढे फेकल्या जाणाऱ्या शरीराला ओटीपोटाच्या आणि छातीच्या हाडांवर धरतो. आडव्या बसलेल्या माणसाचं शरीर धडकेत कुशीवर फेकलं जातं. नुसता कमरपट्टा त्याला बाजूला मोडतो. तेव्हा दोष पट्ट्याचा नाही, बाकाचा आहे. अशी आडवी बाकं कमी झाली, पण संपली नाहीत. अलीकडच्या बोलेरो निओमध्येही तिसरी रांग आडवीच आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत त्या गाडीला पाचपैकी एक तारा मिळाला.

मागच्या बाकावरच्या माणसाला खरी किंमत कधी आली? मोठी माणसं गेली तेव्हा. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. ते गाडीत मागे बसले होते. मागे पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असं तत्कालीन आरोग्यमंत्री हर्ष वर्धन यांनी जाहीरपणे म्हटलं. महाराष्ट्र हळहळला, आणि मागचा पट्टा पुन्हा सीट कव्हरखाली गेला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, सायरस मिस्त्री गेले. गाडी परदेशी कंपनीची, उत्तम. मागचे पट्टे होते, चांगले होते. मागच्या दोघांनी ते लावले नव्हते, दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. लगेच टॅक्सीवाल्यांच्या संघटनांनी विचारलं, गाडीत मागे पट्टेच नाहीत, ते आणायचे कुठून? प्रश्न रास्तच होता!

आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेल्यांपैकी १६,७१५ जण देशात मेले. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे! पण आपलं सगळं लक्ष, सगळी पावती-दंडाची भाषा, चालकाभोवती फिरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्ट्यावाचून प्रवासी नेले तर हजार रुपये दंड. आणि प्रवासी वाहनात मर्यादेपेक्षा जास्त माणसं भरली, तर माणशी दोनशे. दहा जणांच्या गाडीत तेरा बसले, तर त्या तिघांसाठी पट्टा कुठून येणार? ज्याला जागा नाही त्याला पट्टा नाही, आणि त्याची किंमत दोनशे रुपये.

पट्टा नसला तर काय होतं, ते इथल्या हिशेबात सांगतो. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात जाऊन आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून खाली पडणं. वरळीच्या बीडीडी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून म्हणा ना. ताशी ८० ला तीच उंची पंचवीस मीटर, म्हणजे आठ मजले. आठव्या मजल्यावरून खाली पडताना 'मी समोरचं बाक घट्ट धरीन' असं कोणी म्हणेल का? आणि मांडीवरचं पोर? दहा किलोचं मूल त्या क्षणी शेकडो किलोंचं होतं. आईची माया कितीही घट्ट असो, हातांना ते पेलत नाही. शिवाय मागचा माणूस एकटा जात नाही. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जपानी संशोधकांनी दाखवलं, की मागच्याने पट्टा लावला नसेल, तर पुढे पट्टा लावून बसलेल्याच्या मरणाचा धोका जवळजवळ पाचपट होतो. मागचं शरीर पुढच्या आसनावर घणासारखं येतं. म्हणजे पोराने पट्टा लावायचा की नाही, ही त्याची खासगी बाब नाही. पुढे आजी बसलीय.

आता वस्तूच्या दोषाकडे. डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने ९,१२५ गाड्या परत बोलावल्या. त्यांत एर्टिगा आणि एक्सएल-६ या तीन रांगांच्या गाड्याही होत्या. पुढच्या पट्ट्याची खांद्याजवळची उंची बदलायचा जो भाग असतो, त्यातला एक तुकडा सदोष असण्याची शक्यता होती. पुढच्याच महिन्यात ग्रँड विटाराच्या ११,१७७ गाड्या मागच्या पट्ट्यांच्या कंसासाठी बोलावल्या. तो कंस काळाने सैल होऊ शकत होता. काही लोक म्हणतात, बघा, किती वाईट गाड्या! आम्हांला उलट वाटतं. दोष कबूल करून गाडी परत बोलावणारी कंपनी त्यातल्या त्यात बरी. २०१२ पासून आपल्याकडे वाहन उत्पादकांची ऐच्छिक संहिता होती. 'ऐच्छिक' म्हणजे काय, ते क्रायस्लरच्या गोष्टीत आपण पाहिलं. २०१९ च्या दुरुस्तीत ११०-क हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला गाडी परत बोलावण्याचा आदेश देता येऊ लागला. पण हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता. आपल्या वस्तीत जी मोठी गाडी येते, ती बहुधा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताची. म्हणजे इथेही रांगेत शेवटचा तो शेवटचाच.

आणि दोष आपण स्वतःही विकत आणतो. पट्टा लावला नाही की गाडी टिंग-टिंग करते. तो आवाज बंद करायला नुसती जीभ विकत मिळायची. खटक्यात घाला, गाडीला वाटतं पट्टा लागला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश दिले, आणि अशा १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. गाडीला फसवायचं यंत्र! गाडीचं काय जातंय?

आता आमच्या विषयाकडे वळतो. नैयायिकांनी कारणांचे प्रकार सांगितले: समवायी, असमवायी आणि निमित्त. घट घडतो तो मातीतून, मातीच्या तुकड्यांच्या जोडणीतून, आणि कुंभार, चाक, काठी यांच्या निमित्ताने. मराठी माणसाने यातला एकच शब्द घरी नेला: निमित्त. 'पूल निमित्त झाला.' 'काळ आला होता.' दुःखात असं म्हणण्याने धीर येतो, आम्ही तो हिरावून घेत नाही. पण दहाव्या-बाराव्यानंतर तरी इतर कारणं मोजायला हवीत. रस्ता अरुंद होत होता, हे एक कारण. वेग, हे दुसरं. बाक आडवं होतं, हे तिसरं. कंस सैल होता, हे चौथं. पट्टा कव्हरखाली होता, हे पाचवं. चालकाला दोष दिला की कंपनी सुटते, कंपनीला दिला की आपण सुटतो, आणि नियतीला दिला की सगळेच सुटतात. एक कारण खरं आहे, म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

आणखी एक गोष्ट या गावात न बोलता जाणं बरं नाही. ७ जुलै २०२४ च्या पहाटे ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून येणाऱ्या इथल्या दाम्पत्याला वरळीत एका महागड्या गाडीने उडवलं, आणि ती माउली गेली. मोठी गाडी आतल्यांना जेवढी सांभाळते, तेवढी बाहेरच्यांना भारी पडते. चालक, शेजारी, मागचे, आडव्या बाकावरचे असा जो क्रम आम्ही सांगितला, त्याच्याही मागे रस्त्यावरचा माणूस उभा आहे. त्याला कोणताच पट्टा नाही. त्याचा पट्टा म्हणजे चालकाची शुद्ध आणि कायद्याची जरब, एवढंच.

मग करायचं काय? व्याख्यान ऐकून सगळे वडा खायला जातात, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी चार गोष्टी. पहिली, गाडी ठरवताना 'किती जण बसतील' असं विचारू नका, 'पट्टे किती' विचारा, आणि पट्ट्यांवर माणसं मोजा. माणसं जास्त असतील तर दोन गाड्या करा, नाहीतर लोणावळ्यापर्यंत लोकल-एक्सप्रेसने जा. आई तेवढ्याने रुसणार नाही. दुसरी, सीट कव्हर काढून खटके वर आणा. पट्टा झटक्याने ओढून बघा, तो अडकला पाहिजे. कापड उसवलंय का, बुडाशी गंज आहे का, तेही बघा. मोठ्या अपघातातून गेलेला पट्टा बदलावा लागतो; दिसायला धड असला तरी त्याचा जोर गेलेला असतो. तिसरी, गाडीच्या चासी नंबरवरून ती कधी परत बोलावलेली होती का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर कळतं. जुनी गाडी घेतलीत तर आधी हे विचारा, मग रंग बघा. चौथी, चौदाच्या आतलं मूल मांडीवर नको; त्याला पट्टा किंवा मुलांचं आसन हवं, असं कायदाच म्हणतो.

एक उत्तर आम्हांला नेहमी ऐकायला मिळतं: 'पट्टा आहे की गाडीत!' होडीत लाइफ जॅकेटही असतं, पण ते फळीखाली असेल तर बुडणाऱ्याच्या काय कामाचं? असणं आणि लावलेलं असणं यांत फरक आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा फरक समजवायला आम्हांला एक सत्र लागायचं. इथे खटक्याचा एक आवाज पुरतो. येत्या चैत्रात गाडी सुटण्याआधी तो आवाज मोजा. पुढून नको, मागून मोजायला सुरुवात करा.